चौदा दिवस 'नॉ'शिवाय

घशातली गाठ काढून झाल्यावर डॉक्टरीणबाई माझ्या कॉटच्या काठावर बसल्या आणि एकेक बोट मोडत नियम सांगू लागल्या. चौदा दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचं नाही, ते बोलण्याहून वाईट. खाकरायचं नाही. "आणि 'हो' नाही, 'हं' नाही, 'नॉ' तर अजिबात नाही." त्या क्षणभर थांबल्या. "न बोलता सगळे राहतात रे, आस्गर. फसतात ते 'नॉ'वर."

मी सौजन्याने हसलो. अठ्ठावीस वर्षं वरच्या वर्गांना डॅनिश शिकवलेला मी माणूस. 'असं होय' म्हणायचा एक एकाक्षरी हुंकार माझं काय वाकडं करणार? आम्हा डॅनिश लोकांच्या तोंडून दिवसभरात जे शब्द पडतात त्यांतले निम्मे 'नॉ' असतात, आणि उरलेले निम्मे समोरच्याला 'नॉ' म्हणता यावं म्हणून उच्चारलेले असतात, हे माझं जुनं मत आहे. म्हणजे चौदा दिवस मी फक्त निम्मा राष्ट्रीय मूर्खपणा बंद ठेवणार होतो. यात देशाचं नुकसान होईल असं मला वाटलं नाही.

तारीख तेवढी वाईट पडली. सात महिने रांगेत थांबून मिळालेली शस्त्रक्रिया नेमकी मार्चच्या शेवटच्या सोमवारी आली, आणि काचघराचा अर्ज पंधरा एप्रिलपर्यंत मंजूर व्हायचा होता. शहराबाहेर रेल्वेरुळाला लागून व्हिबेलुंड बागसंघाच्या एकशे बारा बागा आहेत. प्रत्येक बागेत एक लाकडी खोपटं, एक झेंड्याची काठी आणि एक ठाम मत असतं. त्यातली सत्तेचाळीस नंबरची बाग आमची. तिथे मेरेटेच्या टोमॅटोंसाठी एक छोटं काचघर बांधण्याचं वचन मी तिला नऊ वर्षांपूर्वी दिलं होतं. मेरेटे ही माझी बायको. लागणाऱ्या गोष्टी अशा: दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या सह्या, नगरपालिकेचा कागद आणि संघाच्या कार्यकारिणीचा होकार. मी सगळ्यांना पत्रं लिहिली. प्रत्येक पत्राच्या पहिल्याच ओळीत घशाचा खुलासा केला. त्यामुळे पुढे जे झालं ते कुणाला माहीत नव्हतं म्हणून झालं नाही. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

पहिला बळी घरातच गेला. मेरेटे दातांच्या दवाखान्यात काम करते आणि संध्याकाळी जेवताना दवाखाना घरी आणते.

"आज तो खाटीक आला होता," ती म्हणाली. "चौथा दात." तिचा काटा हवेत थांबला.

मी भुवया उंचावल्या. मान हलवली. हात पसरून जगातलं सगळं आश्चर्य चेहऱ्यावर आणलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "पोटात दुखतंय?"

दुसऱ्या दिवशी तिने गोष्टी आखूड केल्या. तिसऱ्या दिवशी सांगायच्या थांबवल्या. चौथ्या दिवशी तिने बॅग भरली. "मला कळतं तुझी चूक नाही. पण मी एकटी भिंतीशी बोलते तेव्हासुद्धा फ्रिज मध्येच घुरघुरतो. तू तेवढंही करत नाहीस." ती जटलंडला बहिणीकडे निघाली. दारातून वळून म्हणाली, "आणि ऐक. या वेळी काचघराची परवानगी मिळाली नाही तर मी बाग विकून टाकते. नऊ वर्षं पुरे झाली. टोमॅटो दुकानातही मिळतात, आणि दुकानदार निदान 'हं' म्हणतो."

ती हे गमतीने म्हणाली नव्हती. गंमत करताना मेरेटेचा आवाज वर जातो. हा खाली गेला होता.

दुसऱ्याच दिवशी मी बागेत गेलो. उजवीकडे प्रेबेन राहतो. हा निवृत्त बसचालक. तीस वर्षं 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसल्यामुळे आता भरपाई करतो. आमच्यामध्ये एक मीटर ऐंशी सेंटीमीटर उंचीचं हिरवं कुंपण आहे. ते नियमानेच तेवढं आहे, आणि व्हिबेलुंडमध्ये माणसं कुंपणाच्या नियमावर जेवढी श्रद्धा ठेवतात तेवढी पाद्रीही स्वर्गावर ठेवत नसेल. आम्ही बोलतो ते या कुंपणातूनच. वीस वर्षांत मी प्रेबेनचा चेहरा फार तर चाळीस वेळा पाहिला असेन.

"वाचलं तुझं पत्र," कुंपण म्हणालं.

मी मान डोलावली.

"काचघराचं."

मी पुन्हा डोलावली. कुंपणाची पानं मख्ख होती.

"माझी हरकत अशी काही नाही. सावली पडेल थोडी बटाट्यांवर. पण बटाटे काय, जमिनीखालीच असतात." पलीकडे फावडं थांबलं. "घशाचं ठाऊक आहे मला. पहिल्याच ओळीत लिहिलंयस. तू काही बोलू नकोस."

मी काही बोललो नाही.

"आता त्या आलुबुखारांबद्दल मनात असेल तर सांगतो, ती फांदी माझ्या बाजूला आली होती."

आलुबुखारांबद्दल माझ्या मनात काहीही नव्हतं. मी इतकी वर्षं पक्ष्यांवर आळ घेत होतो.

"बरं, दोन बादल्या. तीन म्हण. आणि तुझ्या खोपटाच्या मागे तो मांजराचा वास येतो ना, ते मांजर नाही, ते माझं खत आहे." त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. "आणि तुझ्या पन्नाशीला मला सर्दी झाली होती ना, तर झाली नव्हती. झालं समाधान? मी इथे पोटातलं सगळं ओततोय आणि तू तिकडे बिशपसारखा उभा! एक 'नॉ' म्हणायला काय घशाला भोक पडतं?"

पडतंच, तोच तर मुद्दा होता. मी आहे, ऐकतोय, रागावलेलो नाही, हे कळावं म्हणून मी कुंपण दोन्ही हातांनी गदागदा हलवलं.

"अंगावर येतोस?" प्रेबेन किंचाळला.

मग मी वहीच्या कागदावर लिहिलं: 'हं. समजलं. राग नाही.' कागद उडू नये म्हणून खड्याला गुंडाळला आणि हळूच पलीकडे टाकला. काच फुटल्याचा आवाज आला. प्रेबेनने कोबीच्या रोपांवर काचेची चौकट ठेवली होती, हे सांगण्याचं तेवढं त्याच्या कबुलीजबाबात राहून गेलं होतं.

"आता दगड!" प्रेबेन म्हणाला. "सही? सही माग तू माझ्याकडे!"

डावीकडे गुड्रुन राहते. ही निवृत्त सुईण, वय एकोणऐंशी. निम्मं शहर तिच्या हातून जन्मलं असल्यामुळे ती कोणालाही मोठं समजत नाही. तिला प्रेबेनचं प्रकरण पाचच मिनिटांत कळलं होतं. "गाढव आहेस," ती म्हणाली. "दगड कशाला मारायचे? सायकलची घंटी घे. 'हो'ला एकदा, 'नाही'ला दोनदा, 'नॉ'ला अर्धवट. मुक्या माणसांचं जग चालतं ते काय दगडांवर?" तिने फडताळातून एक गंजकी घंटी काढून माझ्या हातात दिली, कॉफी ओतली, केक कापला आणि विणकाम घेऊन बसली. गुड्रुन विणताना वर बघत नाही. त्यामुळे माझी मान, भुवया आणि हात पुन्हा एकदा बेकार झाले.

सुरुवात झकास झाली. "लसूण लावलाय यंदा." ट्रिंग. "पण गोगलगायी फार." ट्रिंग. गुड्रुन खुलली. तिने लेखणी मागितली, माझा अर्ज मांडीवर ओढला आणि सही करता करता सांगू लागली. "आणि मग आमचा बामसे गेला बघ. चौदा वर्षांचा होता. माझ्या मांडीवरच मान टाकली."

ट्रिंग.

सुया थांबल्या.

इथे मला घंटीबद्दल दोन गंभीर शब्द लिहिले पाहिजेत. आमच्या 'नॉ'त शब्द असा काही नसतोच. जे काही असतं ते सुरात असतं. खाली आपटला तर बातमी पोचली आणि फाइल बंद. वर उचलला तर मग पुढे काय झालं, सांग की. दोनदा झटकून म्हटला तर जिभेला आवर घाल. मांडीवर थाप मारून म्हटला तर पाहुणे निघाले, त्यांच्या टोप्या शोधा. आणि कुत्रा मेला की तो लांबवायचा, मधेच वाकवायचा, शेवटी ओला करायचा. माणूस त्याहून जवळचा मेला तर तेही नाही. मग श्वास आत ओढत एक 'हो' म्हणायचा, जणू आपणही मरणाऱ्याबरोबर थोडी हवा घेऊन चाललोत. हे आमच्या पोरांना चालायच्या आधी येतं. माझ्या हातातली घंटी मात्र लसणाला, गोगलगायीला आणि बामसेला एकाच सुरात वाजली होती.

"चौदा वर्षं," गुड्रुन म्हणाली. "आणि तू घंटी वाजवतोस. आइस्क्रीमच्या गाडीसारखी."

तिने अर्ज माझ्याकडे सरकवला. त्यावर 'गुड्र' एवढंच लिहिलेलं होतं.

नगरपालिकेला मी ईमेल केला होता. उत्तर आलं: 'आपल्या प्रश्नासाठी दहा ते बाराच्या दरम्यान फोन करावा.' मी कळवलं की मला बोलता येत नाही. उत्तर आलं: 'त्याबाबतही फोन करावा.' शेवटी मी स्वतः गेलो, नंबराची चिठ्ठी घेतली आणि खिडकीशी उभा राहिलो. आतल्या बाईला मी घशाचं पत्रक दाखवलं. "काही हरकत नाही," ती प्रेमाने म्हणाली, "मीच सांगते, तू फक्त ऐक." आणि ती कलम वाचू लागली. "दहा चौरस मीटरच्या आतल्या, न तापवलेल्या, जमिनीला कायमच्या न जोडलेल्या काचेच्या बांधकामांच्या बाबतीत..." ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी उत्साहाने मान हलवली. तिला ती दिसली, पण तिच्या कानाला ती दिसली नाही. "कळलं नाही वाटतं. पुन्हा सांगते. दहा चौरस मीटरच्या आतल्या..."

असं तिने मला चार वेळा वाचून दाखवलं आणि चारही वेळा ती 'बाबतीत'पर्यंत येऊन अडखळली. ओलिसासारखी. तिला पुढे जायला एक 'हं' हवा होता, आणि सगळ्या इमारतीत तो कोणी तिला द्यायला तयार नव्हतं. तिसऱ्या वेळी मी मोठ्या अक्षरांत 'हो, कळलं' लिहिलेलं कार्ड फुटबॉलच्या पंचासारखं उंचावलं. "कार्ड मला कशाला दाखवतोस?" ती दुखावून म्हणाली. "मी काय कुणाला लाथ मारली?" पाचव्या वेळी शेजारच्या खिडकीवरचा एक म्हातारा आपल्या पार्किंगच्या परवान्याबद्दल "होऽ" म्हणाला, त्या धक्क्यासरशी बाई सुटली आणि एका दमात म्हणाली, "...बाबतीत कोणतीही परवानगी लागत नाही." शिक्का मारला आणि जेवायला गेली. पंचेचाळीस मिनिटं मी एका अशा कागदासाठी उभा होतो ज्यात तो कागद लागत नाही असं लिहिलेलं होतं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, संघाची वार्षिक सभा होती. विली बावीस वर्षं आमचा अध्यक्ष. दरवर्षी तो पद सोडण्याची धमकी देतो, दरवर्षी आम्ही घाबरतो. या वर्षी त्याने खरंच सोडलं. म्हणाला, उपाध्यक्ष म्हणून राहीन, सकाळी उठून दुसऱ्यांची भांडणं ऐकणार नाही. मग टेबलाच्या कडेने, शिळा केक संपवायला निघालेल्या यजमानासारखा, तो एकेकाचं नाव घेत निघाला.

अध्यक्षपद टाळण्याची आमच्यात एक रीत आहे. नाव घेणाऱ्याचं तोंड मिटायच्या आत 'छेऽऽ' काढायचा असतो. तो नाकातून सुरू व्हावा, मधे थोडा लाजावा आणि शेवटी नम्रपणे मरावा. त्यात आपण लायक आहोत हेही आलं पाहिजे आणि आपण तयार नाही हेही. नवखे लोक इथेच फसतात. ते कारणं देतात. कारण दिलं की माणूस संपला, कारण कारणावर उपाय असतो. 'छेऽऽ'वर नसतो.

"प्रेबेन?"

"छेऽऽ."

"गुड्रुन?"

"छे रेऽऽ."

"आस्गर?"

सभागृहात कॉफीच्या थर्मासचं बूच तेवढं सुस्कारलं. मी खिशातून वही काढली. पेन्सिल शोधली. 'मला आत्ता शक्य' एवढं लिहून झालं, तेव्हा टाळ्या सुरू होऊन संपल्याही होत्या, आणि 'नाही' लिहीपर्यंत तीन छोटे आणि एक लांब हुर्रे झाले. आमच्याकडे हुर्रेनंतर काहीही मागे घेता येत नाही. लग्नसुद्धा.

"बरंच झालं," प्रेबेन मागून म्हणाला. "पहिल्यांदा असा अध्यक्ष मिळालाय जो भाषण करणार नाही. दगड मारेल, पण भाषण नाही."

निघताना विलीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या अर्जाचं बघ, अध्यक्षाला स्वतःच्या अर्जावर निर्णय देता येत नाही. तो आता माझ्याकडे. गुड्रुनची अर्धी सही, प्रेबेनची शून्य. मंगळवारी कार्यकारिणी आहे, मंगळवारी पंधरा तारीख आहे. मला तर काही आशा दिसत नाही."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी घशात आरसा घातला आणि म्हणाल्या, "बोल आता." मी म्हणालो, "धन्यवाद." आवाज पंचविशीतला निघाला. गाडीत बसून मी अकरा मिनिटांचं भाषण तयार केलं. त्यात शेजारधर्म होता, नऊ वर्षांची प्रतीक्षा होती, मेरेटे होती, आणि प्रेबेनच्या तीन बादल्याही होत्या.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता कार्यकारिणी बसली. विली, प्रेबेन, गुड्रुन आणि मी. मी उभा राहिलो.

"बस, बस. घसा सांभाळ," विली म्हणाला. "मी थोडक्यात सांगतो. एक सही अर्धी, एक नाही. अर्ज नामंजूर."

भाषण सुरू करण्याआधी मी आवंढा गिळला. त्या आवंढ्याला चार सेकंद लागले असतील.

"म्हणजे नामंजूर असं कडक नाही म्हणत मी," विली म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. खरं सांगतो, बघण्यात हेतू नव्हता. पहिलं वाक्य आठवत नव्हतं.

"नियम आहे, पण नियम आपणच केलेत." त्याने कपाची दिशा बदलली. "तूच बघ, आठ नंबरवाल्यांना मी सहीशिवाय दिलीच होती परवानगी. कशाला लपवू?"

भाषण मी घडी करून मनातल्या खिशात ठेवलं आणि मूग गिळून बसलो. हे पाप आहे का, याचा मी नंतर विचार केला. मी खोटं बोललो नाही. मी काहीच बोललो नाही.

गुड्रुनने अर्ज ओढला. "मला 'उन' लिहायचं राहिलं होतं, एवढंच. तोंड वळवून बसायला काय झालं?" प्रेबेनने सही केली आणि वर पाहून म्हणाला, "तुझ्याकडून कोबीची चौकट नकोय मला. उलट माझ्याकडे जुन्या खिडक्या पडल्यात, त्या घे." मी बघत राहिलो. "आणून देतो," प्रेबेन म्हणाला. विलीच्या कपाळावर घाम होता. "काच मी बसवून देतो. काच कापायचा हिरा आहे माझ्याकडे. दाराची काच माझ्या गॅरेजमधली, अखंड आहे, एकही बुडबुडा नाही. बास?" घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. दहाव्या मिनिटाला त्यांनी मला घर बांधून दिलं असतं, पण मला तेवढ्याची गरज नव्हती. मी एकदाच मान हलवली.

शनिवारी तिघांनी मिळून काचघर उभं केलं. मी खिळे धरले आणि गप्प राहिलो. भिंती झाल्या, छप्पर झालं. विली दाराची काच दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होता, तेवढ्यात फाटकातून मेरेटे आली. हातात बॅग. ती काचघरासमोर थबकली, एकदा आत डोकावली आणि बॅग खाली ठेवली. मग तिच्या मनात जे सगळ्यात आधी होतं ते ती सांगू लागली.

"बोटीवरून भांडण झालं. ताईच्या नवऱ्याने न विचारता बोट घेतली."

"नॉऽ?" मी म्हणालो.

माझा घसा माझ्या आधी बोलला. तिची नजर उजळली. "आणि पोहता येत नाही त्याला!" "नॉ!" "मग ताई माझ्या खोलीत येऊन झोपली." "नॉऽऽ." "आणि तो बोटीत." "हो, हो... नॉ, नॉ." एकोणीस दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं, चढं, उतरतं, ओलं, कोरडं. मला दारू पिऊनही एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. ती बोलत होती, मी म्हणत होतो, आणि मागे हातोडीचा आवाज थांबला होता.

"केव्हापासून?" प्रेबेनने विचारलं.

खोटं मला बोलता येत नाही. आता बोलता येत होतं, हीच अडचण होती. "सोमवार," मी म्हणालो.

"मंगळवारच्या आधीचा सोमवार?" गुड्रुनने विचारलं.

विलीने काहीही विचारलं नाही. त्याने काच काखेत धरली, टोपी घातली आणि फाटकातून निघून गेला.

काचघर उभं आहे. मेरेटेने बाग विकली नाही. टोमॅटोंना वाराही लागतो म्हणते, दाराच्या जागी तिने पोतं लावलंय. प्रेबेन आणि गुड्रुन आठवड्याभरात निवळले; त्यांना बोलल्याशिवाय करमत नाही. विलीला करमतं. दर महिन्याच्या कार्यकारिणीत तो माझ्या समोर बसतो, हाताची घडी घालतो आणि माझ्याकडे बघतो. मी इतिवृत्त वाचतो, तो बघतो. मी हवामानाबद्दल काही म्हणतो, तो बघतो. खोलीत सुईसुद्धा 'नॉ' म्हणत नाही. व्हिबेलुंडमध्ये कोंबड्या पाळायला सक्त मनाई आहे. मे महिन्यात मी त्याला सहा कोंबड्यांची परवानगी दिली. या महिन्यात त्याने कोंबडा मागितला नव्हता. मीच देऊ केला.